दह्यावरची जाळी

माघ लागला की डिंगोऱ्यात सकाळी असा वारा सुटतो की लिहिणाऱ्यांचे हात शिवशिवायला लागतात. गहू निसवलेला असतो, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, उन्हाला अजून धार आलेली नसते. शहरातून आलेली मंडळी बांधावर उभी राहून 'काय सुख आहे हो' म्हणतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. मला या दिवसांचा राग येतो. ऐंशी उलटली तरी येतो. ओंबी चिकात आली आणि वीज नाही म्हणून लांब कुणाचं डिझेलचं इंजिन फुकफुकायला लागलं, की माझे कान तिकडे लागतात. हे आता बंद पडेल आणि कुणीतरी म्हणेल, नवी आली आणि पाणी थांबलं, याची मी वाट बघत बसते. सत्तर वर्षांत दुसऱ्या कुणाच्या इंजिनानं माझं काही वाकडं केलेलं नाही, पण कानाला कोण सांगणार.

यंदा ही वाट बघायला सोबत आहे. तनू, माझ्या भाच्याची मुलगी, पुण्यात एका कंपनीत संगणकाच्या आतल्या कामाला आहे. संक्रांतीला आली ती अजून इथंच आहे. ओट्यावर चटई, मांडीवर लॅपटॉप, शेजारी तारा जोडलेली हिरवी पट्टी आणि तिच्यावर एक बारका दिवा. चहा गार होतो, भाकरी वाळते, ही त्या दिव्याकडे बघत असते. शेवटी मीच विचारलं, की त्या पट्टीचं दुखतंय तरी काय.

"हे यंत्र कामात असतं ना आत्याआजी, तेव्हा मधेच बाहेरून हाक येते. कुणी बटण दाबलं, कुठून निरोप आला. आत कर्नल असतो, म्हणजे सगळा कारभार बघणारा. त्यानं हातातलं काम खाली ठेवायचं, हाकेला ओ द्यायची आणि परत येऊन जिथं सोडलं तिथून पुढं चालू करायचं. आमचा कर्नल हाकेला जातो, आणि परत कामाला लागतच नाही."

"मेला म्हणायचा का?"

"मेला असता तर सोपं होतं. जिवंत आहे. दिवा लागलाय बघ. काम तेवढं पुढं सरकत नाही."

"कधीपासून?"

"मी लिहिलेला भाग त्यात घातला तेव्हापासून," ती म्हणाली आणि नखं बघत बसली.

"मग सगळे म्हणत असतील, ही आली आणि बंद पडलं."

तिनं मान वर केली. "तुला कुणी सांगितलं?"

मला कुणी सांगायची काय गरज आहे. मी त्यात पदवी घेतलेली बाई आहे.

माझं सासर निरगुडसरचं. तिथलं माझं नांदणं एका हंगामाचंच, पण त्या एका हंगामात मी माणसांबद्दल जे शिकले ते पुढं सगळ्या नोकरीत शिकले नाही. एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. माहेरी, इथं डिंगोऱ्यात, पूर्वापार मेंढरं होती, वडलांनी शेती धरली तरी चार मेंढरं दावणीला ठेवलीच होती. मी सातवी फायनल पास झालेली, म्हणजे त्या काळात जरा अतीच झालेली. तेव्हा सोयरीक आणणारा म्हणाला, "लई मोठं घर हाय. इंजान घ्यायचंय त्यान्ला." या येऊ घातलेल्या इंजिनावर माझं लग्न ठरलं. दिवाळीत इंजिन आलं, मार्गशीर्षात मी नांदायला गेले. मोटेचे बैल तोवर विकून टाकलेले होते. आता बैल कशाला, असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ते इंजिन काय वर्णावं. त्याला रोज हळदकुंकू, आठवड्याला नारळ. मामंजी त्याच्यासमोर खाट टाकून बसत, कीर्तनाला बसावं तसे. बायकांनी जवळ जायचं नाही. ज्यानं हँडल मारायचं त्यानं आधी पायतान काढायचं. एरवी त्या घरात माणसाला कुणी 'बस' म्हणत नसे.

व्यवस्था साधी होती. नदीच्या डोहात एक पाइप सोडलेला, काठावर पंप, पंपाला पट्ट्यानं जोडलेलं इंजिन. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला एक झडप. इंजिन चालू असलं की झडप उघडी, पाणी वर. इंजिन थांबलं की झडप मिटायची आणि पाइपातलं पाणी तिथंच धरून ठेवायची. ते धरलेलं असलं की पुन्हा सुरू केल्यावर पाणी लगेच चालू. सुटलं, की पंप नुसता हवा घोटत बसणार. बसवणारा माणूस एवढं सांगून आणि झडपेखाली कचरा अडवायला पत्र्याची भोकाभोकाची जाळी लावून गेला होता. लहान पोराला समजेल असं सांगणं होतं. ऐकणारी मात्र मोठी माणसं होती.

मी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला डोहावर घेऊन गेल्या. डोहात साती आसरा राहतात, पाण्याच्या सात देवता, नव्या सुनेनं त्यांची ओटी भरायची ही त्या घराची रीत. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, बांगड्या. नारळही असतो, पण सासूबाईंनी तो डोहाला नुसता दाखवला आणि पदराआड घेतला. "त्यो तरंगून जातोय, आसरांस्नी पोचत न्हाई," म्हणाल्या. संध्याकाळी त्याची चटणी झाली. खणाची गाठ मारून मी ओटी पाण्यात सोडली, त्या दाखवतील तिथं. डोह खोल जिथं, तिथं. पाइपही खोल जिथं, तिथंच सोडलेला होता.

पाच-सहा दिवसांनी दुपारी भाकरी खायला म्हणून इंजिन थांबवलं, आणि परत चालू केलं तर पाणी नाही. इंजिन झकास चाललंय, चाक फिरतंय, पट्टा फिरतोय, धूर आभाळाला, आणि पाटात टिपूस नाही. सकाळपासून धो धो चाललेलं पाणी एका भाकरीच्या वेळात कुठं गेलं कुणाला कळेना. घागरी घागरी पाणी पंपात ओतलं तेव्हा कसंबसं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच. चालतंय तोवर चालतंय. थांबलं की संपलं.

आता हे बघा, बिघाड कुठं शोधतात माणसं. जिथं आवाज होतो तिथं. पाइप पाण्याखाली गप पडलेला, त्याच्याकडे कोण बघतो. मामंजींनी तेल बदललं. मग डिझेलवर संशय घेतला, ते गाळून घेतलं, माझ्याच एका पातळाच्या फडक्यातून. मग आळेफाट्याहून ट्रक दुरुस्त करणारा एक गृहस्थ आणला. त्यानं इंजिन पार सोडवून घोंगडीवर मांडलं, कोंबडं खाल्लं, परत जोडलं, हँडल मारलं, इंजिन पहिल्या फटक्याला चालू. "झालं बगा पावणं," म्हणाला. पाटाकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. इंजिनात काही खोट नव्हतीच, त्यामुळे त्याचा इलाजही चुकला नाही.

आणि माझा नवरा. त्याचं नाव तेव्हा रीत म्हणून घेत नसे, आता इच्छा नाही म्हणून घेत नाही. तो या सगळ्यात हातात पाना घेऊन उभा असायचा. तो पाना त्यानं कुठल्या नटाला लावलेला मी पाहिला नाही. तिकडे गहू पोटरीत आला होता. आता पाणी चुकलं तर दाण्याऐवजी फोलपट हाती येणार हे सगळ्यांना कळत होतं, आणि बैल तर विकलेले.

सासूबाईंचा इलाज सरळ होता. आसरा कोपल्या. तेव्हा आणखी एक ओटी. त्याच जागी. आणि थोडं पाणी लागलं की, बघा, पावल्या. पुन्हा बंद पडलं की पुन्हा ओटी. त्या पौषात आमच्या घरातून जेवढे खण डोहात गेले तेवढे कुणा बाईच्या अंगावर गेले असते तर आळी नटली असती. दर ओटीनंतर घागरी जास्त लागायला लागल्या. पुढं पुढं ओतलेलं पाणी ओतता ओतताच खाली जायचं. एवढं होऊनही कुणाच्या डोक्यात आलं नाही, की औषधानं दुखणं का वाढतंय.

तनूला मी हे सांगत होते तेव्हा ती हसायला लागली, आणि मग हसायची थांबली. त्यांच्याकडेही असंच चाललंय म्हणाली. कर्नल अडकला की प्रत्येक जण त्यात आपली एक ओळ घालतो, की बाबा, तू कुठं पोचलास ते बोलून दाखव. सगळ्या ओळी नेमक्या त्या हाकेच्या जागी. "आणि गंमत म्हणजे, जितक्या ओळी घालाव्यात तितका तो लवकर अडकतो. मग म्हणतात, तनुजाचा भाग काढून बघा. काढला की चालतो. मग झालंच सिद्ध."

सिद्धच असतं ते. माझ्याही बाबतीत सिद्धच होतं. मी यायच्या आधी इंजिन चालत होतं, मी आल्यावर थांबलं, याला कोण काय म्हणणार. "पायगुण," सासूबाई आधी चुलीशी म्हणाल्या, मग पाणवठ्यावर, मग माझ्या तोंडावर. चार बायका बसल्या की त्यातली एक माझ्या पायांकडे बघायची. मी जमिनीवरून चालते की आणखी कशावरून, असं.

मला जीभ होती, ती मी माहेरी ठेवून आले नव्हते. त्या घरात दह्याच्या गाडग्यावर एक विचित्र झाकण असायचं, पत्र्याचं, गोल, अंगभर भोकं. मांजर तोंड घालत नाही आणि दह्याला वारा लागतो म्हणून सासूबाईंना ते फार आवडायचं. एक दिवस जेवायला वाढताना, सगळे बसलेले असताना, मी विचारलं, "आत्याबाई, ह्ये झाकण कुठलं वो?"

"इंजानाचं हाय. पाइपाच्या तोंडाला व्हतं. शेवाळ धरून पाणी कमी येत व्हतं, म्हणून ह्यांनी काढून टाकलं."

"मग आता पाइपाच्या तोंडाला काय हाय?"

मामंजींनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. त्या क्षणी एका जरी पुरुषानं त्या गाडग्याकडे डोळे उघडून बघितलं असतं, तर माझं आयुष्य निरगुडसरात गेलं असतं. मामंजी म्हणाले, "शिकल्याली सून केली, आता ऐकून घ्या." नवऱ्यानं ताटात मान घातली आणि दही मागितलं. सासूबाईंनी झाकण उचललं, दही वाढलं, झाकण परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मला सांगण्यात आलं, चार दिस म्हायेरी जाऊन ये. पहिली संक्रांत तोंडावर, सुनेला हलव्याचे दागिने घालायचे दिवस, आणि मला गाठोडं बांधून एसटीत बसवलं. चार दिवसांचा अर्थ एसटीच्या कंडक्टरलासुद्धा कळला असता. पाणी लागलं तर बोलावणं येईल, गहू गेला तर मी गेले. एका झडपेवर माझं नांदणं टांगलेलं होतं, आणि ती झडप दिसत नव्हती म्हणून माझे पाय दिसत होते.

डिंगोऱ्यात आईनं शेजारणींकडे हळदीकुंकवाला जाणं बंद केलं. कुणी विचारलंच तर म्हणायची, पोरीला जरा बरं नव्हतं. मी तिला म्हटलं, मी चांगली धडधाकट आहे, बरं नाही ते त्या लोकांच्या डोक्याला. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. वडील मेंढरांचं बघत, माझ्याकडे बघत, परत मेंढरांचं बघत. तेवढे दिवस मला जेवण गोड लागलं नाही हेही सांगून टाकते. तिरस्कार पोटभर होता, पण भीतीही तेवढीच होती. परतलेल्या मुलीचं काय होतं हे आमच्या आळीत दोन घरांत दिसत होतं.

बातमी आणली अब्बासभाईनं. अब्बासभाई जुन्नरचा बांगडीवाला, आठवड्याच्या बाजारांना गावोगाव फिरायचा, निरगुडसरपासून डिंगोऱ्यापर्यंत सगळ्या बायकांची मनगटं त्याला पाठ. माघाच्या मध्यावर तो आला, ओट्यावर बसला, बांगड्यांची चवड उतरवून आधी पोटभर हसला.

"ताई, तुमच्या सासरला काय झालं ऐकलं का? नदीचं पाणी उतरलं, तवा पाइप आणखी खाली सोडाया म्हणून समद्यांनी मिळून वर वढला. तर झडपंच्या तोंडातनं निघालं काय? खण. एकात एक आडाकल्यालं. बोळाच व्हता नुसता. झडप मिटणार कशी वो? चालू आसताना पाणी बाजूनं जातंय, थांबलं की समदं खाली. आणि त्यात बांगड्या. म्या उचलून बगितल्या, तर माझ्याच. म्हनलं, ह्या आसरा लई चांगलं गिऱ्हाईक हाय राव."

आई हसली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा हसली. मी विचारलं, "मग आत्याबाई काय म्हणाल्या?"

अब्बासभाईनं हसू आवरलं. "त्या म्हनल्या, आसरांनी वटी माघारी दिली. नव्या सुनंच्या हातची पयली वटी त्यान्ला रुचली न्हाई."

या बाईपुढे मी हात टेकले. झडपेतून खण निघाला, हातात धरला, पिळला, आणि तरी चूक माझ्या हाताची. जाळीचा कुणी उच्चारही केला नव्हता. जाळी काढणारे मामंजी त्या बोळ्याभोवती कमरेवर हात ठेवून उभे होते आणि लोकांना पाइप कसा ओढावा ते सांगत होते, असं अब्बासभाईच म्हणाला. गव्हाला शेवटचं पाणी मिळालं. निम्म्या रानात दाणा भरला, निम्म्यात जेमतेम.

परवा दुपारी तनूनं ओट्यावरून मला हाक मारली. सापडलं म्हणाली. हाकेला जाताना कर्नलनं हातातल्या सगळ्या वस्तू एका ठरलेल्या जागी ठेवून जायच्या असतात, म्हणजे परत येऊन उचलता येतात. त्यातली एक वस्तू ठेवायला सांगणारी ओळच कुणीतरी काढून टाकली होती. जुना कारभार त्या वस्तूला हात लावत नव्हता, म्हणून इतके दिवस निभावलं. तनूच्या भागानं हात लावला, आणि नंतर घातलेल्या प्रत्येक ओळीनं लावला. परत यायच्या वेळी तिथं भलतंच काहीतरी.

"ओळ काढली कुणी?"

"तीन वर्षांपूर्वीची आहे. वेग वाढावा म्हणून," ती म्हणाली. "आमच्या साहेबांनी."

पाणी कमी येतं म्हणून जाळी काढली. मी सुपातले गहू निवडत राहिले. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. सगळं ठीक झालं, सोमवारपासून ये, टीमनं केक मागवलाय. एवढंच.

"आणि तुला बोलले त्याचं?" मी विचारलं.

"केक मागवलाय ना," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. जाऊ का, असं तिनं विचारलं नाही, आणि जा किंवा जाऊ नको, असं मीही म्हटलं नाही. तिला मी फक्त पुढचं सांगितलं, जे मी तिच्या बापालाही कधी सांगितलेलं नाही.

मला न्यायला नवरा आला. धुतलेला सदरा, डोक्याला तेल, हातात एक पुडकं. वडलांनी घोंगडी टाकली, "बसा पावणं" म्हणाले. आईनं आत चूल पेटवली, तिच्या हातांना नुसती घाई सुटली होती. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "चल. इंजान चालू झालं."

मी दाराशी उभी होते. म्हटलं, "आणि परत बंद पडलं तर?"

त्यानं विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. "आता न्हाई पडायचं. जाळी बसवलीया."

"दह्यावर काय झाकलंय मग?"

"ताटली," तो म्हणाला.

या माणसाला माझ्या प्रश्नात दुसरं काही ऐकूच आलं नव्हतं. मला त्या क्षणी त्याचा रागही आला नाही. राग यायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं.

त्यानं पुडकं पुढं केलं. "आयनं दिलंय. वटी भरून आण म्हनली." आईनं ते घेतलं, पाटावर सोडलं, माझी ओटी भरायला म्हणून खण उलगडला. हिरवा खण. धुऊन, घडी घालून, उशाखाली दाबून सारखा केलेला. रंग विटलेला, आणि एका कोपऱ्यावर गंजाचा अर्धगोल डाग, झडपेच्या काठाएवढा. आईनं तो डाग बोटानं चोळून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. ती घाई तिच्या हातांतून निघून गेली.

नारळ वाचवणारी बाई खण थोडाच टाकून देणार.

मी वडलांना सांगितलं, मी जात नाही. वडलांनी एकदा दावणीकडे बघितलं, मग ते जावयाला म्हणाले, "मेंढरू ज्या वाटंवर बिचकलं, त्या वाटंनं आमी परत नेत न्हाई. तुमी जेवून जा." तो जेवला. भाकरी आणखी मागून जेवला, आणि दुपारच्या एसटीनं गेला. पुढं पंचांसमोर काडीमोड झाली. त्यानं दुसरी केली, तिलाही डोहावर नेलं असणार.

खण मी परत दिला नाही. कापड चांगलं होतं. पुढच्या जूनमध्ये मास्तरणीच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं तेव्हा आईनं त्याची चोळी शिवली, आणि ती घालून मी पहिल्या दिवशी वर्गात बसले. डाग काखेत जाईल असा आईनं कापला होता.